चोक

मार्वेहून फेरीबोटीने यंत्र आलं
तेव्हा तिकीटवाला अडला:
ही स्कूटर नव्हे, सायकल नव्हे, बोकडही नव्हे.
जेरमने सायकलचे पैसे दिले,
आणि गोणपाटात गुंडाळलेलं ते धूड
रिकाम्या टोपल्यांच्या मधे बसून
मनोरीला उतरलं.

दोन दिवसांच्या भाड्याने आणलंय.
माझ्या परसात मावेल एवढंच.
चार पाती, एक दोरी, दुधाच्या बरणीएवढी टाकी.
पेट्रोलमध्ये ऑइल किती, ते मी
खोकल्याच्या औषधाच्या टोपणाने मोजलं,
चौतीस वर्षं वॉर्डात मोजलं तसंच,
डोळ्यांच्या रेषेत धरून.

बापूस कुदळीने खणायचा.
एक वाफा, एक विडी.
दोन घावांमध्ये श्वासाएवढी फट,
तेवढ्यात गांडूळ सरकून जायचं.
याला तसली उसंत नाही.
दोरी सात वेळा ओढली, आठव्यांदा खोकललं,
आणि मग असं धावलं
की मी मागे, झगा गुडघ्याशी खोचून,
चपला कुठल्या कुठे.

माती निघाली ती आधी काळी, मग भुरी,
मग शिंपल्यांनी पांढरी.
कौलाचे तुकडे. निळ्या बाटलीचा गळा.
आणि नायलॉनचं जाळं, कुणाचं कोण जाणे,
पात्यांना असं आवळून बसलं
की उकिडवं बसून
टाके काढायच्या कात्रीने
एकेक धागा कापावा लागला.

मुळ्याचा वाफा झाला. लाल माठाचा झाला.
वांग्यांच्या ओळीशी वळताना
मला काही ते वळवता आलं नाही.
मलाच ओढत
अळवाच्या रांगेतून गेलं,
दगडावरून उसळलं,
आणि इग्नेसच्या जमिनीत
एक वीत रुंद, चार पावलं लांब
भुसभुशीत पट्टा काढून
बंद पडलं.

तो दगड मोजणीवाल्याने पुरला तेव्हा
आम्ही भाऊबहीण टेपच्या दोन टोकांना उभे होतो.
अकरा वर्षं झाली.
त्याचा रेडिओ मला ऐकू येतो,
तो सुका बोंबील कधी भाजतो ते कळतं,
रात्री किती वेळा उठतो तेही.
बोलणं तेवढं नाही.

मी दोरी ओढत राहिले.
नऊ. दहा. तळहाताला फोड.
तो हाफ पँटवर बाहेर आला.
आयुष्य ट्रॉलरच्या इंजिनांत गेलेलं;
बिघडलेला आवाज त्याला घरात बसू देत नाही.
माझ्याकडे पाहिलं नाही, यंत्राकडे पाहिलं.
प्लग काढला, काजळलेला,
सदऱ्याच्या टोकाने पुसला, फुंकर मारली,
नखाने फट चाचपली, परत बसवला.
दोरी एकदाच ओढली:
जड लागेपर्यंत सावकाश, मग झटका.

"चोक अर्धा सोडायचा,"
म्हणाला. मला की यंत्राला,
त्या धडधडाटात समजलं नाही.
मी मान हलवली.
ती त्याने पाहिली का, तेही नाही.

यंत्र बोटीने परत गेलं.
पट्टा राहिला, दगडापलीकडे.
बुजवावा की त्याबद्दल काही बोलावं,
हे ठरवण्यात दोन दिवस गेले.
तिसऱ्या सकाळी पाहिलं तर
तिथे पाणी शिंपडलेलं,
चार चार बोटांवर
अंगठ्याने पाडलेल्या खळ्या, बुजवलेल्या.
काय टोकलंय ते अजून वर आलेलं नाही.

दुपारी कबुतरं उतरतात.
माझ्या वाफ्यांवरची हाकलते
आणि दगडाजवळ जाऊन
त्याच्याकडचीही.
हुश्श म्हणते.
लागतं त्याहून जरा मोठ्यानेच.